आषाढाचा हिशेब

बस. पेढे टेबलावर ठेव, नंतर बघू. घर उभं राहिलं याचा आनंद मला तुझ्याइतकाच आहे. पण काल तुझ्या आग्रहाखातर दापोलीच्या पुढची ती चढण चढून वाडीवर गेलो, छपरावरच्या प्लेटा पाहिल्या, आतला इन्व्हर्टर पाहिला, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आयटीआयमध्ये ३१ वर्षं वीजतंत्रीचा वर्ग घेतला मी. नापास होणाऱ्या पोरांचा मला कधी राग आला नाही. ज्यांना येतं आणि तरी जे करत नाहीत, त्यांचा येतो. तू पहिला आला होतास. आज चाकणला कंपनीत मेंटेनन्सचा सुपरवायझर आहेस, हाताखाली बारा माणसं आहेत. म्हणून आज ऐकून घ्यायचं. मध्ये बोलायचं नाही, आणि तो मोबाइल उलटा ठेव.

हा कागद तुझाच ना? ‘५ किलोवॅट ऑफ-ग्रिड संच. दिवे, पंखे, टीव्ही, फ्रिज, पंप, एसी, सर्व चालेल.’ खाली रक्कम, त्याखाली सही. यावर तू आगाऊ पैसे दिलेस? ‘सर्व चालेल’ हे माप कुठलं? वाण्याकडे जाऊन ‘घरात सगळ्यांना पुरतील एवढे तांदूळ द्या’ म्हणतोस का कधी? किती वेळ चालेल, कुठल्या महिन्यात चालेल, एकदम चालेल की एकामागून एक, आभाळ भरून आलं तर आधी काय बंद करायचं, यातलं एक अक्षर इथे नाही. विकणाऱ्याला मी बोल लावणार नाही, तो विकायलाच बसलाय. घेणारा तू होतास.

बरं, हा ५ चा आकडा आला कुठून? काल तूच सांगितलंस, आणि सांगताना तुला लाजही वाटली नाही. भोसरीच्या फ्लॅटचं बिल महिन्याला १५० युनिट येतं, म्हणजे दिवसाला ५, म्हणून ५ किलोवॅट! अरे, लिटर आणि किलोमीटर यांची बेरीज केल्यासारखं आहे हे. गड्याच्या अंगात जोर किती, ते वॅट. त्याने दिवसभरात चर किती खणला, ते युनिट. दांडगा गडी दहा मिनिटं राबला आणि मग बांधावर विडी ओढत बसला, तर चर होत नाही. तुझ्या छपरावरचा गडी सकाळी डोळे चोळत उठतो, दुपारी दोन-तीन तास जोरात असतो आणि चार वाजता घरची वाट धरतो. तेही आभाळ मोकळं असेल तर.

आणि त्याचा छापील जोरसुद्धा खरा नाही. प्लेटेच्या पाठीवर ५५० वॅट लिहिलंय ते प्रयोगशाळेतलं माप. चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि प्लेटेचं स्वतःचं तापमान २५ अंश, तेव्हाचं. मे महिन्यात कौलांवर ती प्लेट ६५ अंशांपर्यंत तापते. पंचविसाच्या वर दर अंशामागे शेकडा साधारण ०.३५ गळतं. कर गुणाकार. शेकडा १४ तिथेच गेले. धूळ, वायर आणि इन्व्हर्टर यांनी आपापला घास घ्यायच्या आधी.

वही काढ. नाही आणलीस? हे घे पाठकोरे, आणि ही पेन्सिल. लिही.

दिवे सहा, ९ वॅटचे, पाच तास. २७० वॅट-तास झाले. पंखे चार, रात्रीचे दहा तास. साधा पंखा ७५ वॅट ओढतो, बीएलडीसीचा ३० मध्ये भागतो. तू कुठले घेतलेस? साधे. का, तर पात्यांचा रंग तुळयांना शोभत होता. ते बदलून घे. आपण तिसानेच धरू, १२००. फ्रिजवर ताऱ्यांचं लेबल असतं, त्यावर वर्षाला लागणारे युनिट छापलेले असतात. तू तारे मोजलेस, आकडा वाचला नाहीस. त्याला ३६५ ने भागायचं आणि कोकणातल्या उकाड्यासाठी थोडं वर धरायचं. ७०० लिही. टीव्ही २४०. वाय-फायचं ते खोकं १० वॅटचं, कोण मोजतो त्याला, पण ते चोवीस तास जागं असतं, म्हणजे टीव्हीइतकंच खातं, २४०. तुम्हा दोघांचे लॅपटॉप ६००. मिक्सर आणि कपडे धुण्याचं यंत्र मिळून ३००. विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप तासभर, १०००. आता बेरीज. ४५५०. साडेचार युनिट.

चेहरा खुलला तुझा. पाचात बसलं, असं वाटलं ना?

तो इन्व्हर्टर स्वतः किती खातो, हे विचारलंस कुणाला? काहीही चालू नसताना, नुसता जागा राहायला, एवढ्या आकाराचा इन्व्हर्टर सुमारे ५० वॅट घेतो. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं ते. ५० गुणिले २४, म्हणजे १२००. सव्वा युनिट! तुझ्या चार पंख्यांइतकं. घरात पाहुणा येऊन राहिला आणि त्याचं ताट कुणी धरलंच नाही, असं झालं हे. एकूण ५७५०. पावणेसहा युनिट.

यात एसी नाही. इंडक्शनची शेगडी नाही. गिझर नाही. हे तिन्ही तुझ्या यादीत आहेत. ‘पावसात घर दमट राहतं, म्हणून एसी’ म्हणालास. दीड टनी एसी रात्री आठ तास चालला तर सहा-सात युनिट जातील, म्हणजे बाकी सगळं घर एकीकडे आणि तो एकटा एकीकडे. एक बादली आंघोळीचं पाणी तापवायला जवळपास अर्धा युनिट लागतं. तुझ्या आवारात झावळ्या आणि नारळाची सोडणं कुजत पडलीत, आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब माळ्यावर आहे, मी पाहिला काल. आणि तू सूर्याची वीज करणार, ती बॅटरीत भरणार, पुन्हा बाहेर काढणार आणि तिने पाणी उकळणार. उष्णतेच्या कामाला वीज वापरायची चैन खांबावरून वीज येणाऱ्याने करावी. स्वयंपाक गॅसवर, पाणी बंबात. एसी खोडून टाक. माझ्यासमोर खोड.

आता खरा प्रश्न. हे घर तू कुठल्या महिन्यासाठी बांधलंस?

अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत केलीस, ऊन रणरणतंय, आणि विकणाऱ्याने तुला आत्ताचे आकडे दाखवले. मे महिन्यात तिकडे किलोवॅटमागे दिवसाला साडेचार-पाच युनिट निघतात, खोटं नाही ते. तुझ्या नऊ प्लेटांचे २२ होतील. पण आषाढ? दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत सरासरी निम्म्यावर येते. सरासरीने पोट भरत नाही, हे तुला कळायला हवं. सलग चार दिवस झड लागली, पागोळ्या थांबायचं नाव घेत नाहीत, दुपारी दोनला घरात दिवा लावावा लागतो, अशा दिवशी किलोवॅटमागे एक युनिटही धरता येत नाही. सगळ्या प्लेटा मिळून चार युनिट आले तर देव पावला. खर्च पावणेसहाचा.

तेव्हा बॅटरीकडे बघायचं. तू घेतलीस लिथियम आयर्न फॉस्फेटची, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास. गुणाकार ५१२०, म्हणजे पाच युनिट. त्यातला पाचवा हिस्सा तळाला शिल्लक ठेवायचा, नाहीतर तिचं आयुष्य खातोस. उरले चार. इन्व्हर्टर त्यातला दहावा हिस्सा उष्णतेत घालवतो. हातात पडले पावणेचारच्या आतच. संध्याकाळपासून उजाडेपर्यंत पंखे, फ्रिज, दिवे, टीव्ही आणि इन्व्हर्टरची खादाडी मिळून तीन युनिट जातात. म्हणजे पहाटे खात्यात पाऊण युनिट, आणि बाहेर झड चालूच. दुसऱ्या रात्री बॅटरीतला राखणदार, बीएमएस, सगळं बंद करेल. तो बिचारा स्वतःचा जीव वाचवतो. घर अंधारात.

तू म्हणशील, दोन दिवस अंधारात काढू, त्यात काय, आम्ही काय कंदिलात वाढलो नाही का? तू काढशील. मीही काढले आहेत. पण तुझी आई पावसाळ्यात तिथेच राहणार आहे ना? तिचं इन्सुलिन कुठे ठेवणार आहेस? न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत राहावी लागते. काल तू मला टीव्ही भिंतीवर किती उंचीला लावलाय ते दाखवलंस. पडवीतले रंगीत दिवे मोबाइलवरून कसे बदलतात ते दाखवलंस. फ्रिज दाखवताना ‘आतला बर्फ कसा पटकन होतो बघा’ म्हणालास. ज्या एका गोष्टीसाठी या घरात वीज एक तासही जाता कामा नये, ती तुझ्या कागदावरच नाही. यादी करताना माणसं आठवायची असतात, शहाण्या, वस्तू नाही.

मग काय करायचं, ते लिही. झडीच्या दिवसाचं वेगळं पत्रक करायचं. त्या दिवशी फ्रिज ७००, दिवे २७०, दोन पंखे ६००, वाय-फाय २४०. हे चार सोडून काही नाही. लॅपटॉप, पंप, कपडे, सगळं उघडीप मिळाल्यावर. आणि या चार गोष्टींसाठी रात्रंदिवस मोठा इन्व्हर्टर जागा ठेवायचा नाही. २० वॅटवर जागा राहणारा लहान इन्व्हर्टर वेगळा ठेव, त्याचे ४८०. बेरीज २२९०. तीन दिवस आभाळातून काहीच आलं नाही असं धर, म्हणजे सात युनिट. तळाची शिल्लक आणि इन्व्हर्टरची गळती धरून साडेनऊच्या पुढे जातं. म्हणजे तुझ्यासारख्या दोन बॅटऱ्या. एसीचे पैसे वाचले ना? ते इथे घाल. शिवाय दोन केव्हीएचा एक पेट्रोल जनरेटर, महिन्यातून एकदा चालू करून पाहिलेला. जनरेटर ठेवला तर सौरऊर्जेचा अपमान होतो, असं काही तुझ्या मनात असेल तर ते आजच काढून टाक.

शिशाच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या घेतल्या असत्या तर स्वस्तात ७२०० वॅट-तास मिळाले असते, असं तू काल पुटपुटलास, मी ऐकलं. १५० अँपिअर-तासाच्या चार, ४८ व्होल्ट, गुणाकार बरोबर आहे. पण शिशाची बॅटरी रोज निम्म्याच्या खाली नेली की ती मान टाकते, म्हणजे कामाचे ३६००. वर लेबलावर १५० लिहिलेलं दहा तासांच्या हिशेबाने की वीस तासांच्या, तेही पाहायचं असतं. गास्तों प्लान्तेने १८५९ साली ही बॅटरी केली, तेव्हापासून तिचा स्वभाव बदललेला नाही. तिला पोटभर खायला आणि वेळेवर शुद्ध पाणी लागतं. माझ्या पहिल्या नोकरीत डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून मी विहिरीचं पाणी घातलं होतं. दोन बॅटऱ्या गेल्या. पैसे पगारातून कापले, बरोबरच होतं ते. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. तू चाळीसचा आहेस.

आता छप्पर. तू जे केलंयस, किंवा तू समोर उभा असताना त्या मिस्त्रीने जे केलंय, ते मला अजून खरं वाटत नाही.

प्लेटेच्या मागे मोकळ्या टोकांचं व्होल्टेज लिहिलंय, ४९.८. मी चष्मा लावून वाचलं. इन्व्हर्टरच्या कुशीवर स्टिकर आहे, प्लेटांकडून जास्तीत जास्त १४५ व्होल्ट. आणि तुम्ही तीन-तीन प्लेटांच्या माळा केल्यात. पन्नासा त्रिक किती रे? दीडशे. चौथीतलं पोर सांगेल. मिस्त्री म्हणतो, ‘दुपारी मीटर लावून पाहिलं साहेब, १३७ दाखवतंय, बसतंय.’ दुपारी बसणारच! प्लेट तापली की व्होल्टेज उतरतं. पण पौषातली सकाळ आठव. पारा १२ वर, प्लेटा रात्रभर दवात गारठलेल्या, आणि डोंगरामागून सूर्य एकदम वर आला. गारठ्यात व्होल्टेज चढतं, दर अंशामागे शेकडा पाव-एक. ते १५४ होईल. धूर निघेल, आणि हमीपत्रात स्वच्छ लिहिलेलं असतं की मर्यादेबाहेर व्होल्टेज दिलं तर हमी नाही. वास्तुशांतीची रोषणाई भाड्याच्या जनरेटरवर केलीस म्हणून वाचलास. प्लेटांचा एमसीबी खाली पाडलेला होता, तो मी तसाच ठेवून वर चिकटपट्टी लावून आलोय. मी सांगेपर्यंत ती काढायची नाही. दोन-दोनच्या चार माळा कर, प्रत्येक माळेला फ्यूज. नववी प्लेट गवताच्या माळ्यावर ठेव. वाडीवर वानरं आहेत, लागेल कधीतरी.

आणि तो एमसीबी! तो एसी प्रवाहाचा आहे. घरच्या डब्यात लावतो तोच. तुला मी फळ्यावर तरंग काढून दाखवला होता, आठवतो? आपली वीज ५० हर्ट्झची, सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. बटण उघडताना ठिणगी पडली तरी पुढच्या शून्याला ती विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी पडली की ती ताणत जाते, जळत राहते, आणि तुझा एमसीबी लाकडी तुळईवर ठोकलाय. तुळई सागाची आहे, आजोबांनी लावलेली. डीसीसाठी केलेला एमसीबीच लागतो, त्याची धन-ऋण टोकं बघून जोडायचा, आणि भिंतीवर, लोखंडी डब्यात. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामध्येही फ्यूज हवा, बॅटरीच्या अगदी तोंडाशी. तिथे काहीच नाहीये. बॅटरीच्या दोन टोकांवर कुणाचा पाना पडला तर काय होतं ते तू कंपनीत पाहिलं असशील.

अर्थिंगचं बोलतच नाही. खिडकीच्या गजाला हिरवी वायर गुंडाळलीय. जांभ्यावर घर, वळवाच्या विजा कडकडणार, आणि गज! तीन वेगळे खड्डे, प्लेटांच्या सांगाड्याचा एक, इन्व्हर्टरचा एक, वीजरोधकाचा एक. जांभ्यात खोल जावं लागेल, मजुरी जास्त पडेल, देऊन टाक.

सांगाडा बघून मात्र हसूच आलं. काळा रंग मारलेले लोखंडी अँगल, वाशांना स्क्रूने. तीन वर्षांत खारा वारा ते कुरतडून टाकेल हे एक. पण निसर्ग वादळ विसरलास? ३ जून २०२०. अलिबागच्या दक्षिणेला ते किनाऱ्यावर चढलं, ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा होता, आणि दापोलीच्या बागा आडव्या झाल्या. कित्येक वाड्यांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तू पुण्यात होतास, फोन लागत नव्हता म्हणून माझ्याकडे रडत होतास. ताशी १२० चा वारा चौरस मीटरला साडेसहाशे न्यूटनच्या वर रेटा देतो. तुझी एक प्लेट अडीच चौरस मीटरहून मोठी. म्हणजे एकेका प्लेटेवर सुमारे पावणेदोनशे किलोचा जोर, आणि तिचं स्वतःचं वजन अठ्ठावीस. नऊ प्लेटांचा हिशेब दीड टनावर जातो. ते वासे कौलं पेलायला घातलेत, पतंग धरायला नाही. प्लेटा उडाल्या तर छप्पर घेऊन उडतील. खळ्याच्या कडेला जमिनीवर, काँक्रीटच्या पायात गरम जस्त चढवलेले खांब उभे कर. खाली उतरवल्या की पुसायलाही सोपं, पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरतं. आणि तिथे दक्षिणेचा तो फणस. आत्ता सूर्य डोक्यावर आहे म्हणून सावली दिसत नाही, पण मार्गशीर्षात सूर्य खाली उतरला की दुपारभर ती सावली प्लेटांवर असेल. एका प्लेटेच्या कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी सगळी माळ मान खाली घालते. फणस तोडू नकोस, खळ्याची दुसरी बाजू घे. कल १५ अंशांचा पुरे. आषाढात आपल्याकडे भर दुपारी सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, हे माहीत होतं? नव्हतं. उभ्या तोंडाने दक्षिणेला बसवलेली प्लेट तेव्हा पाठ फिरवल्यासारखीच.

पंप बॅटरीवर चालवायचा नाही. चालू होताना तो नेहमीच्या चार-सहा पट प्रवाह ओढतो, त्या धक्क्याने इन्व्हर्टर रोज आजारी पडेल. उघडीप पाहून दुपारी अकरा ते दोनच्या मध्ये, थेट प्लेटांवर चालणारा पंप घे आणि वरच्या कातळावर दोन हजार लिटरची टाकी बसव. एकदा वर चढलेलं पाणी रात्री आपोआप खाली येतं. ती टाकीसुद्धा बॅटरीच आहे, आणि तिला बीएमएस लागत नाही.

राहता राहिलं महावितरण. तू तिकडे गेलाच नाहीस, हे काल कळलं तेव्हा मी तोंडावर हात ठेवला. वाडीपासून शेवटचा खांब किती लांब आहे? ‘असेल अर्धा-एक किलोमीटर.’ असेल! उपविभागाच्या कार्यालयात अर्ज टाकायला काय झालं होतं? ते कोटेशन देतील, खांब किती, वायर किती, खर्च किती. तो आकडा हातात आल्याशिवाय ‘मी ऑफ-ग्रिड राहणार’ म्हणणं म्हणजे मुलगी न बघताच लग्नाला नकार. खर्च झेपण्यासारखा असेल तर जोडणी घे आणि बॅटरी अर्धी कर. नसेल तर मग नाइलाजाने, पण डोळे उघडे ठेवून, स्वतःची वीज कर. मित्रांना फोटो पाठवण्यासाठी नव्हे.

आणि ते ७८ हजारांचं अनुदान मनातून काढ. ते पंतप्रधान सूर्यघर योजनेचं आहे, फेब्रुवारी २०२४ पासूनचं, तीन किलोवॅट आणि त्यावर ७८ हजार. ते मिळतं महावितरणच्या तारेला जोडलेल्या संचाला. तार नाही, तर अनुदान नाही. तुझ्या भोसरीच्या शेजाऱ्याने तसा संच बसवलाय आणि ‘आता आम्ही स्वतंत्र’ म्हणून सांगत फिरतो ना? त्याला विचार, बाहेरची वीज गेली की त्याच्या घरात काय होतं. भर उन्हात, छपरावर प्लेटा चमकत असताना, पंखा बंद पडतो. बॅटरी नसलेला तो इन्व्हर्टर वीज गेली की मुद्दाम थांबतो, कारण त्याने तारेत वीज सोडली तर खांबावर चढलेला वायरमन मरेल. तू त्याचं पाहून इतकी उडी घेतलीस, आणि त्याचा संच वेगळा, तुझा वेगळा, एवढंही विचारलं नाहीस.

तू मला काल एक वाक्य बोललास, ते मला लागलं. ‘सर, बिघडलं तर तो माणूस येऊन बघेल ना.’ कोण येईल? आषाढात ती चढण तू चढून बघ. ओढ्याला पाणी आलं की खालच्या वाडीतला दूधवालाही येत नाही. तारेच्या विजेला शिव्या घालायला निदान एक कार्यालय असतं, एक तक्रारीचा नंबर असतो. तिथे वायरमन तू, उपअभियंता तू, फ्यूज बदलणारा तू, आणि ‘लाइट कधी येणार’ म्हणून विचारणारी तुझी आई. मल्टिमीटर, क्लॅम्पमीटर, सुके हातमोजे, जादा फ्यूज, हे आधी घरात आलं पाहिजे होतं. तुझ्या घरात आधी झुंबर आलं.

बरं, डोळे पुसायची गरज नाही, ओरडलो तर काय झालं. पैसे अजून पूर्ण दिलेले नाहीत, प्लेटा जोडलेल्या नाहीत, मृगाला वेळ आहे. हे करायचं. भोसरीच्या घरातली प्रत्येक वस्तू सात दिवस मीटर लावून मोज. प्लगमध्ये खोचायचा साधा मीटर बाजारात मिळतो. फ्रिज पूर्ण चोवीस तास, पंखा रात्रभर. अंदाज चालणार नाही, आकडे हवेत, तारखेसकट. सोमवारी रजा टाकून उपविभागात अर्ज दे आणि पोच घे. मिस्त्रीला सांग, डीसीचे एमसीबी आणल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. त्याने कुरकुर केली तर माझा नंबर दे त्याला.

पुढच्या रविवारी सकाळी नऊला इथे यायचं, वही घेऊन. आणि येताना आईला बरोबर आण. रात्री ती किती वाजता उठते, पंखा कधी बंद करते, देवापाशी निरांजन पुरतं की दिवा लागतो, इन्सुलिन कधी घेते, हे मला तुझ्याकडून नकोय. तिच्या तोंडून ऐकायचंय. पेढा दे आता. एकच दे, मलाही साखर आहे.